चौदा अवतरणं आणि एक मावशी

पत्राचा सारांश (विनंतीवरून नाव दिलेलं नाही):

मावशी गेली त्याला आता महिना होईल. आई सतत आजारी असल्यामुळे माझं लहानपण मावशीकडेच गेलं. तिने आयुष्यभर मुद्रितं तपासायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावरही लाल पेन सोडलं नाही. वर्तमानपत्रातल्या चुकांवरसुद्धा ती खुणा करून ठेवायची. दहा दिवसांनी तिची स्मरणसभा आहे आणि बोलायचं मी, असं सगळ्यांनी ठरवलंय. मला भाषणाची सवय नाही. मनात खूप आहे, पण कागदावर उतरलं की फार साधं, शाळकरी वाटतं. म्हणून चार रात्री बसून मृत्यू, आठवणी, आईची माया यांवरचे कोट्स गोळा केले. चौदा झालेत. एकेक इतका सुंदर आहे की त्याच्याशेजारी माझी वाक्यं ठेवायला लाज वाटते. मोठ्या मामांचा आग्रह आहे की गीतेतला श्लोक आणि समर्थांची ओळ हवीच, पण मावशी देवधर्म मानत नव्हती. मामेबहीण म्हणते, एकही कोट घेऊ नकोस, उसनं वाटतं. सुरुवात कोणत्या कोटने करू आणि शेवट कोणत्या? किती चालतील? मध्येच रडू फुटलं तर? लहानपणी मी रडत आले की मावशी काही विचारायच्या आधी म्हणायची, “आधी बस, मग बोलू.” आता असं म्हणणारं कुणी उरलं नाही.

प्रिय मैत्रीण,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे काही लिहू शकले नाही. आपण रडत आलो तर कारण न विचारता आधी बसवून घेणारी माणसं फार थोडी असतात. तुमचं असं माणूस गेलंय आणि त्याच महिन्यात तुम्हाला उभं राहून चार लोकांसमोर त्याच्याविषयी बोलायचंय. हे अवघड आहे. ते नीट व्हावं म्हणून तुम्ही चार रात्री जागलात, यातच तुमचं मावशीवरचं प्रेम दिसतं.

कोणता कोट आधी आणि कोणता शेवटी याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीबद्दल बोलू. माझे शब्द साधे आहेत म्हणजे ते कमी पडतात, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं खरंच आहे का?

३० जानेवारी १९४८च्या संध्याकाळी गांधीजींच्या हत्येनंतर जवाहरलाल नेहरू आकाशवाणीवरून बोलले. हाताशी लिहिलेलं भाषण नव्हतं. आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, सगळीकडे अंधार आहे, हे म्हटल्याबरोबर ते पुढे म्हणाले की तुम्हाला काय सांगावं आणि कसं सांगावं हे मला कळत नाही. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचंच वाक्य दुरुस्त केलं. प्रकाश गेला असं मी म्हटलं खरं, पण ते चुकीचं होतं, हा प्रकाश साधा नव्हता, असं ते म्हणाले. नेहरूंचं वाचन अफाट होतं आणि मृत्यूवरच्या थोरामोठ्यांच्या ओळी त्यांना सहज आठवल्या असत्या. तरी त्या संध्याकाळी ते स्वतःच्या शब्दांत चाचपडत बोलले आणि ते चाचपडणं आजही लोकांच्या लक्षात आहे. “कसं सांगावं कळत नाही” हे वाक्य तुमच्याही कागदावर चालेल. खरं असेल तर ते शाळकरी वाटत नाही.

सभेला येणारी माणसं सुंदर मराठी ऐकायला येत नाहीत. प्रत्येकाजवळ मावशीचा एकेक तुकडा असतो. कुणाला ती कामावरची माहीत असते, कुणाला शेजारची, कुणाला बहीण म्हणून. रडत आलेल्या मुलीला बसवून घेणारी मावशी मात्र फक्त तुम्हाला माहीत आहे. तेवढं सांगितलंत तरी तुमचं काम झालं. हे काम कुठल्याच महाकवीला जमणार नाही, कारण तो तिला ओळखत नव्हता.

याचा अर्थ अवतरणं वाईट, असा मुळीच नाही. दुःखात आपले शब्द पळून जातात आणि आपण दुसऱ्याच्या शब्दांकडे वळतो, हे माणसाला साजेसंच आहे. आपल्या आधी कुणीतरी इथे उभं होतं, त्याने हे सोसलं आणि त्यावर ओळ लिहिली, एवढी सोबतही पुष्कळ असते. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की ती ओळ तुमच्याजवळ आली कुठून.

४ एप्रिल १९६८ला अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी इंडियानापोलिस शहरात प्रचारसभेसाठी पोचले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याची बातमी समोरच्या जमावातल्या अनेकांना कळलेलीसुद्धा नव्हती. ती केनेडींनी सांगितली. पाच-सहा मिनिटांच्या त्या बोलण्यात त्यांनी एक अवतरण घेतलं, प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसचं. झोपेतही विसरू न देणारं दुःख थेंबाथेंबाने काळजावर पडत राहतं आणि शेवटी आपल्याला नको असताना शहाणपण येतं, असा त्याचा आशय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या ओळी रस्त्यावरच्या गर्दीला परक्या वाटल्या नाहीत, कारण त्याआधी केनेडी म्हणाले होते की माझ्याही घरातलं माणूस असंच मारलं गेलं. एस्किलस हा आपला आवडता कवी असल्याचंही त्यांनी सांगितलं. भाऊ, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, गेल्यापासूनच्या चारेक वर्षांत त्यांनी ग्रीकांना पुन्हा पुन्हा वाचलं होतं. ती ओळ त्यांनी त्या दिवसासाठी शोधलेली नव्हती. ती त्यांच्यापाशी आधीपासून होती.

आता तुमच्या चौदा अवतरणांकडे या नजरेने पाहा. यातली कोणती ओळ चार रात्रींपूर्वी तुमच्याजवळ होती? मावशी आजारी असताना तुम्हाला कोणती आठवली होती? तिच्या तोंडून कधी ऐकलेली, तिच्या एखाद्या पुस्तकात अधोरेखित केलेली, तिने वाढदिवसाच्या पत्रात लिहिलेली अशी एखादी आहे का? असली तर ती बाजूला काढा. बाकीच्या ओळी तुम्ही ‘मृत्यू’ हा शब्द शोधताना भेटल्या आहेत. त्या मृत्यूबद्दल असतील, पण मावशीबद्दल नाहीत.

पत्रात तुम्ही चौदा कोट्स गोळा केल्याचं लिहिलंत, पण त्यातला एकही मला लिहून पाठवला नाहीत. एकाच माणसाचे शब्द तुम्ही जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहिलेत. “आधी बस, मग बोलू.”

तुमचं अवतरण हेच आहे. स्मरणसभेत सांगावेत असे सगळ्यात पहिले शब्द गेलेल्या माणसाचे स्वतःचे असतात आणि नेमके तेच आपण विसरतो, कारण ते इतके घरगुती असतात की उद्धृत करण्यासारखे वाटत नाहीत. त्या चार शब्दांत तुमच्या मावशीचा सगळा स्वभाव आहे. समोरचं माणूस रडतंय तर आधी त्याचं अंग सैल होऊ दे, कारण नंतर कळेल, हा तिचा क्रम. शिवाय ‘बोलू’ म्हणताना ती स्वतःही त्यात आली. “सांग” म्हणाली नाही. तिच्या बाजूने इतकी अचूक ओळ दुसऱ्या कुणाला लिहिता येईल असं मला वाटत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांनाही माझं सांगणं आहे की अवतरणांची पुस्तकं उघडण्याआधी गेलेल्या माणसाचे शब्द गोळा करा. फोनमधले जुने निरोप पाहा, ध्वनिमुद्रित असतील तर ऐका, पत्रं, डायरी, पुस्तकांच्या समासातल्या नोंदी, कॅलेंडरवर खरडलेली कामं पाहा. घरातल्या प्रत्येकाला एकच विचारा, “तिचं नेहमीचं वाक्य कोणतं?” उत्तरं इतकी वेगवेगळी येतील की तुम्हाला आश्चर्य वाटेल. रागावताना काय म्हणायची, फोन ठेवताना काय म्हणायची, एखादा शब्द कसा तिच्याच पद्धतीने उच्चारायची, हे सगळं अवतरणच आहे. तुमच्या बाबतीत तर लाल पेनाच्या खुणाही आहेत. एखादा कागद सापडला तर सभेत दाखवण्यासारखा आहे.

याच रॉबर्ट केनेडींची दोन महिन्यांनी हत्या झाली आणि ८ जून १९६८ला धाकट्या भावाने, एडवर्डने, त्यांना निरोप देणारं भाषण केलं. त्यात बराच मोठा भाग रॉबर्ट यांच्याच शब्दांचा होता. त्यांनी १९६६मध्ये दक्षिण आफ्रिकेत केलेल्या भाषणातले लांब उतारे एडवर्डने वाचून दाखवले. माझ्या भावाला तो जिवंतपणी होता त्याहून मरणानंतर मोठं करण्याची गरज नाही, असंही तो म्हणाला. उसनी अवतरणं बहुतेक वेळा हेच करतात. ती माणसाला मोठं करतात आणि मोठं करताना पुसट करतात.

तुमच्या यादीतल्या ‘आईची माया’वाल्या ओळींबद्दल मला विशेष काळजी वाटते. इतरांची मुलं वाढवणाऱ्या बाईविषयी बोलताना त्याग, माया, निरपेक्ष प्रेम हे शब्द आपोआप धावत येतात आणि त्यांवरच्या सुविचारांना तर तोटाच नाही. मावशीने तुमच्यासाठी खूप केलं असणार. पण तिला स्वतःला काय आवडायचं? कशाचा राग यायचा? चुका शोधताना तिला आनंद व्हायचा की त्रास? ती कुणावर मनापासून हसायची? हे सगळं सोडून आपण फक्त तिचं झिजणं सांगितलं तर ऐकणाऱ्यांच्या मनात एक समई उरते, बाई उरत नाही. एखादी ओळ घेण्याआधी तिच्यातून मावशीचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घालून पाहा. तरीही ती तितकीच शोभत असेल तर ती ओळ तुमच्या कामाची नाही.

आता मामांच्या ओळींकडे येते. कुठलीही प्रसिद्ध ओळ घेताना ती कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हटली हे पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. सुटी ओळ आणि तिच्या मूळ जागेवरची ओळ यांचा अर्थ कधीकधी अगदी उलटा असतो.

एक उदाहरण देते, कारण हा उतारा कदाचित तुमच्या यादीतही असेल. ‘मृत्यू म्हणजे काहीच नाही, मी फक्त शेजारच्या खोलीत गेलो आहे’ अशा अर्थाचा एक इंग्रजी उतारा जगभर वाचला जातो. तो हेन्री स्कॉट हॉलंड या धर्मगुरूच्या प्रवचनातला आहे. राजा सातवा एडवर्ड वारल्यानंतर, १५ मे १९१०ला, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांनी ते दिलं. प्रवचनात ते आधी मृत्यूचं भीषण रूप सांगतात. तो क्रूर आहे, अनाकलनीय आहे, त्याच्याशी कसलीच तडजोड होत नाही, असं ते म्हणतात. शेजारच्या खोलीची भावना त्यानंतर येते, माणसाच्या मनाची दुसरी अवस्था म्हणून. या दोन्हींमध्ये आपण हेलकावे खातो हे त्यांना सांगायचं होतं. लोकांनी अर्धं कापून घेतलं. ज्याच्या घरात परवाच माणूस गेलंय त्याला “काहीच झालेलं नाही” हे ऐकून धीर येण्याऐवजी एकटंही वाटू शकतं. पूर्ण प्रवचनात मात्र त्याच्या आकांतालाही जागा होती.

आता समर्थांची ओळ. मामा बहुधा ‘देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी’ म्हणत असतील. हा मनाच्या श्लोकांमधला आठवा श्लोक. तो स्वतःच्या मनाला केलेला उपदेश आहे, असं जग की मागे कीर्ती उरेल. गेलेल्या माणसाला वाहायची ती ओळ नाही, तरी तशी वापरली म्हणून बिघडत नाही. पण श्लोक पुढे वाचा. ‘मना चंदनाचे परी त्वां झिजावे, परी अंतरी सज्जना नीववावे.’ दुसऱ्याला आतून निववणं, शांत करणं. रडत आलेल्या मुलीला बसवून घेणाऱ्या बाईला कीर्तीपेक्षा हा शेवटचा चरण जास्त जवळचा आहे. झिजण्याबद्दल मी वर म्हटलंच. तरीही मामांसाठी समर्थ हवेच असतील तर ‘अंतरी निववावे’ एवढंच घ्या आणि पुढे लगेच खुर्चीत बसवण्याचा प्रसंग सांगा. देव न मानणाऱ्या बाईलाही ते अन्यायाचं होणार नाही.

गीतेचं मात्र अवघड आहे. दुसऱ्या अध्यायातला सत्ताविसावा श्लोक, ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’, सगळ्यांना अर्धाच पाठ असतो. त्याचा शेवट ‘न त्वं शोचितुमर्हसि’ असा आहे, म्हणजे तू शोक करणं योग्य नाही. रणांगणावर हातपाय गळालेल्या अर्जुनाला उठवण्यासाठी हे म्हटलेलं आहे. तुमच्या समोर बसलेल्यांना कुठेही उठून लढायचं नाही. ते शोक करायलाच जमलेत आणि तो त्यांचा हक्क आहे. शिवाय आत्म्याच्या अमरत्वावर मावशीचा विश्वास नव्हता. तिच्या स्मरणसभेत तिच्या वतीने तो श्लोक म्हटला तर तिला शेवटचं बोलता येत नसताना तिच्या तोंडी तो घातल्यासारखं होईल.

पण मामा तिचे भाऊ आहेत, हेही विसरू नका. श्लोकाचा आग्रह धरणाऱ्या थोरल्या माणसाकडे बहुतेक वेळा बोलायला दुसरे शब्द नसतात. मनातलं सगळं त्या श्लोकातच भरलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना वेळ द्या. “मामा, तुम्हाला धीर देणारा श्लोक माझ्या तोंडून कशाला? तुम्ही स्वतः म्हणा. दोन मिनिटं तुमची.” ते उभे राहून “माझी बहीण हे मानत नव्हती, मी मानतो, आणि मला यातून बळ मिळतं” असं म्हणाले, तर तो श्लोक त्यांचा होईल आणि मावशीवर लादला जाणार नाही. ते बोलायला तयार नसतील, तर हेच वाक्य त्यांच्या नावाने तुम्ही सांगा. श्रद्धा वेगवेगळ्या असलेल्या कुठल्याही घरात एवढं पथ्य पाळावं. आधार कुणाला मिळतो त्याचं नाव स्पष्ट घ्यावं.

मूळ जागेबद्दल बोलले, तसंच नावाबद्दलही बोलायला हवं. महाजालावर फिरणाऱ्या ओळींखाली मोठ्या माणसांची नावं वाटेल तशी चिकटवलेली असतात. ‘माझ्या थडग्यापाशी उभं राहून रडू नका’ अशा अर्थाने सुरू होणारी एक इंग्रजी कविता अंत्यविधींत फार वाचली जाते. ती अनेक वर्षं कधी अनामिक म्हणून, कधी दुसऱ्याच बाईच्या नावावर फिरत राहिली. प्रत्यक्षात ती १९३४मध्ये क्लेअर हार्नर यांच्या नावाने एका मासिकात छापलेली होती. अशी गफलत कुणाच्याही हातून होते, पण तुमच्या मावशीने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका छापून जाण्याआधी थांबवल्या. तिच्याविषयीच्या भाषणात चुकीच्या नावाने ओळ जाऊ देऊ नका. ओळ छापील पुस्तकात, कवितेच्या शीर्षकासकट सापडली तरच नाव घ्या. नाही सापडली आणि ओळ सोडवत नसेल, तर “कुठेतरी वाचलेली एक ओळ” म्हणा. त्यात कमीपणा नाही. काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घही एकदा तपासा, कागद कुणाला दिसणार नसला तरी.

मामेबहिणीचं म्हणणं मला निम्मं पटतं. उसनं वाटतं ते ओळ दुसऱ्याची आहे म्हणून वाटत नाही. आपण ती तशीच टेकवून पुढे जातो, तिच्यापुढे आपलं काही जोडत नाही, म्हणून वाटतं. अवतरणानंतर “ही ओळ मी का निवडली” हे सांगणारं तुमचं एक वाक्य यायलाच हवं. ते वाक्य सुचत नसेल तर ओळ काढून टाका. ही कसोटी मी सगळ्यात जास्त मानते. आणि गेलेलं माणूस स्वतः कवितांत रमणारं असेल, तोंडपाठ ओळी म्हणणारं असेल, तर एकाऐवजी तीन कविता आल्या तरी उसनं वाटणार नाही. तिथे अवतरण हा त्या माणसाचा स्वभावच असतो. तुमच्या पत्रावरून मावशी तशी होती असं वाटत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नांची उत्तरं. चार-पाच मिनिटं पुरतात, म्हणजे सावकाश बोललात तर साडेचारशे-पाचशे शब्द. त्यात बाहेरचं अवतरण एक, फार तर दोन, आणि तेही दोन-चार ओळींचं. सुरुवात अवतरणाने करू नका. पहिल्या वाक्यात लोकांना तुमचा आवाज आणि तुमचं नातं कळू द्या. “मी तिची भाची, पण माझं लहानपण तिच्याकडे गेलं” इतकं साधं चालेल. मग एक प्रसंग सांगा, पूर्ण, घाई न करता. मावशीचं वाक्य त्या प्रसंगाच्या पोटातून येऊ द्या. बाहेरची ओळ घ्यायचीच तर ती त्यानंतर, मध्यावर. शेवट तुमच्या शब्दांत करा.

ऐकणाऱ्याला अवतरणचिन्हं दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. त्यामुळे ओळीआधी “ती म्हणायची” किंवा “समर्थ म्हणतात” असं स्पष्ट म्हणा, क्षणभर थांबा, ओळ म्हणा, पुन्हा थांबा. दुसऱ्या भाषेतली ओळ असेल तर मराठीतच सांगा. सभेत निम्म्या लोकांना न कळलेली ओळ कितीही थोर असली तरी वाया जाते. लांब कविता आवडली असेल तर ती भाषणात कोंबू नका, दुसऱ्या कुणाला तरी वेगळी वाचायला द्या. मामेबहीण चांगलं वाचत असेल तर तिलाच द्या. कोट नको म्हणणारीला स्वतः निवडलेली ओळ वाचायला मिळाली तर कदाचित तिचंही मत बदलेल.

रडू येण्याबद्दल. ते येईल असंच धरून चाला. भाषण मोठ्याने तीन-चारदा वाचा आणि आवाज कुठे अडतो ते पाहा. काही लोकांना पाठ असलेली, लयीतली ओळ सावरते, कारण ती विचार न करता म्हणता येते. काहींचा बांध नेमका त्याच लयीवर फुटतो. तुमचं कोणतं आहे ते वाचूनच कळेल. बाहेरची ओळ सावरणारी असेल, तर सगळ्यात कठीण प्रसंगानंतर लगेच ती ठेवा. अवतरणाचा हा उपयोग फार कमी लोक सांगतात, पण तो खरा आहे. माझा अंदाज असा की तुमचा आवाज “आधी बस” वर अडेल. अडू द्या. कागद मोठ्या अक्षरांत छापा, ओळींमध्ये जागा सोडा आणि एक प्रत आधीच कुणाच्या तरी हातात द्या. पुढचं त्या माणसाने वाचलं तरी भाषण तुमचंच राहील.

या सदराला अधूनमधून आणखी एका प्रकारची पत्रं येतात. त्यांच्यासाठी थोडं लिहिते. गेलेल्या माणसाशी पटत नव्हतं, दुरावा होता, आणि तरी बोलावं लागतंय, अशी ती माणसं असतात. तेव्हा सुंदर अवतरणांच्या आड लपायचा मोह सगळ्यात मोठा असतो. प्रेम आणि ऋणावरच्या ओळी वाचून वेळ निभावून न्यावीशी वाटते. खोटं न बोलता एक खरी गोष्ट सांगितली तर पुरे होतं, भले ती छोटी असेल. त्यांचं अक्षर सुंदर होतं. दिलेली वेळ ते पाळायचे. जमलेल्यांना नातं कसं होतं ते माहीत असतं आणि खोटी ओळ त्यांच्या लगेच लक्षात येते.

तुमच्या चौदा ओळी फेकू नका. भाषणासाठी त्या उपयोगी नसतील, पण त्या शोधताना तुम्ही चार रात्री तिच्याच विचारात होता. एका वहीत उतरवून ठेवा, पुढे काही महिन्यांनी, सभा-बिभा सगळं संपल्यावर, त्यातली एखादी एकदम आपली वाटेल. काही मामांना द्या, त्यांना आवडतील.

आणि आज पहिलं काम, मामांना फोन. त्यांची दोन मिनिटं आज ठरली तर त्यांनाही तयारीला आठवडा मिळेल. सभेच्या आदल्या रात्री विचारलंत तर त्यांना वाटेल की श्लोक टाळण्यासाठी तुम्ही ही युक्ती काढलीत. त्याच फोनवर त्यांना विचारा, बहीण म्हणून मावशी त्यांना काय म्हणायची. उत्तर मिळालं की लगेच जसंच्या तसं लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, काही न सुधारता.